बीडीडीतली पोलिसांची घरे : आजच्या शिपायाला मिळाले, उद्याच्या शिपायाचे काय?

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील 556 कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात. 2017 च्या भूमिपूजनापासून वाट पाहणाऱ्या माणसांचा तो आनंद अस्सल होता आणि त्यात आपली असंख्य घरे आहेत. पण या पुनर्विकासात एक प्रश्न मागे पडला आहे, तो म्हणजे पोलिसांच्या खोल्यांचा.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणच्या 195 चाळी म्हाडा नव्याने बांधत आहे. 1920 च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी उभ्या केल्या. पुढे त्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आल्या. यातल्या बऱ्याच खोल्या पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून दिलेल्या होत्या. म्हणजे नोकरी आहे तोवर खोली, निवृत्तीनंतर रिकामी करायची. कागदावर तसे. प्रत्यक्षात शिपाई निवृत्त झाला, मुलगा तिथेच वाढला, नातू तिथल्याच शाळेत गेला. मुंबईत पोलीस शिपायाच्या पेन्शनवर दुसरे घर घेणार कुठून?

त्यामुळे चाळी पाडायची वेळ आली तेव्हा पोलीस कुटुंबांनी हक्काचे घर मागितले, आणि त्यात गैर काही नव्हते. 2022 मध्ये सरकारने मालकीचे घर द्यायचे ठरवले. किंमत आधी 50 लाख सांगितली. ओरड झाल्यावर 25 लाख. सरकार बदलले आणि त्याच वर्षी ती 15 लाखांवर आली. सुमारे सव्वादोन हजार पोलीस कुटुंबांचा हा प्रश्न होता. (त्याच वर्षी तिन्ही वसाहतींना ठाकरे, पवार आणि राजीव गांधी यांची नावे देण्याचेही ठरले. ज्या चाळींतून आंबेडकरी चळवळ वाढली, तिथे बाबासाहेबांचे नाव कुणाला सुचले नाही, हे नोंदवून पुढे जाऊ.)

या कुटुंबांना घर मिळाले, योग्य झाले. पण सरकारने इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या. एक, वर्षानुवर्षे राहिलेल्या कुटुंबाला निवारा देणे. दुसरी, पोलीस दलाची मालमत्ता सांभाळणे. पहिलीसाठी दुसरी खर्ची पडली. काही खोल्या सेवानिवासस्थान म्हणून उरतीलही, पण जी खोली मालकीची झाली ती दलाच्या हातून कायमची गेली. ती पुढे विकली जाईल, भाड्याने जाईल, तो मालकाचा अधिकार आहे. मात्र पुढच्या भरतीतून येणाऱ्या शिपायाला ती मिळणार नाही.

आणि हे नेमके कुठे घडते आहे? वरळी-लोअर परळ पट्ट्यात. गिरण्या गेल्या, टॉवर आले. बीडीडीच्याच जागेवर पुनर्वसनाच्या इमारतींबरोबर बाजारभावाने विकायच्या इमारतीही उभ्या राहणार आहेत, कारण प्रकल्पाचा खर्च त्यातूनच निघायचा आहे. म्हणजे वस्ती वाढणार, गाड्या वाढणार, बंदोबस्त वाढणार. तो बंदोबस्त करणारा शिपाई मात्र विरार, बदलापूर, पनवेलहून येणार. 2016 मध्ये देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा पोलिसाला विश्रांती हवी हे मान्य झाले होते. पण ड्युटी आठ तासांची आणि लोकल-बसचा प्रवास चार तासांचा असेल, तर ती विश्रांती रेल्वेच्या डब्यातच संपते. रात्री ठाण्यात माणूस कमी पडला, तर हाकेच्या अंतरावर कोण असणार?

आपल्या समाजाचे पोलिसांशी नाते सरळ नाही. 1974 च्या जानेवारीतली वरळीची दंगल, मोर्चात मारले गेलेले भागवत जाधव आणि त्या वेळचे पोलिसांचे वागणे जुनी माणसे विसरलेली नाहीत. पण आज गावोगावची आपली पोरे पहाटे मैदानावर धावून पोलीस भरतीची तयारी करतात. आरक्षणातून निवड झालेला, वडिलांची शेतमजुरी असलेला मुलगा मुंबईत रुजू झाला की पहिला प्रश्न राहायचे कुठे हाच असतो. बाहेरच्या खोलीमालकाने आडनाव विचारले की पुढे काय होते, हे वाचकांना सांगायला नको. सेवानिवासस्थानाचे वाटप यादीवर चालते. तिथे निदान आडनावाला उत्तर द्यावे लागत नाही. म्हणून दलाकडची घरे कमी होणे हा आपलाही प्रश्न आहे.

उपाय अवघड नाही. विक्रीसाठीच्या इमारतींमधून, मालकीने दिलेल्या प्रत्येक पोलीस घरामागे एक घर त्याच परिसरात गृहखात्याच्या नावे राखून ठेवावे आणि ते कधीही मालकीने देता येणार नाही अशी अट शासन निर्णयातच घालावी. म्हाडाचा नफा थोडा घटेल. निवृत्तांसाठी घरबांधणी कर्ज आणि म्हाडाच्या सोडतीतला वाटा नोकरीत असतानाच मिळाला, तर निवृत्तीच्या दिवशी खोली अडवून बसायची पाळी येणार नाही. विक्रीच्या इमारतींचे काम अजून बरेच बाकी आहे. तिथल्या घरांची विक्री सुरू होण्याआधी ही मागणी आमदारांच्या टेबलावर गेली पाहिजे.