हिरवं दिसतं, पण गुरं खातात का?

खदानीचं काम संपलं की तिथे झाडं लावतात, आणि मग सरकारकडे आकडा जातो : इतकी रोपं लावली, त्यांतली इतकी जगली. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या खाणीला अशा अटींचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. मैत्रिणींनो, हा आकडा वाचायला आपण शिकलं पाहिजे. पालघर-बोईसर पट्ट्यात तर फारच, कारण इथल्या टेकड्या गेली कित्येक वर्षं दगडासाठी फोडल्या जात आहेत. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, बोईसर वाढलं, महामार्ग रुंद झाला. आता बुलेट ट्रेन आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेलं वाढवण बंदर आहे. इतकं बांधायचं तर दगड लागणारच. तो नागझरीसारख्या गावांतून येतो.

टेकडी गेली म्हणजे नेमकं काय गेलं? गुरांचं गवत गेलं, चुलीचं सरपण गेलं, पावसाच्या तोंडावर उगवणारी शेवळं गेली आणि त्यांची खाज मारायला लागणारे काकडही गेले. या सगळ्याची ने-आण बाईच्या डोक्यावरून होते. जवळची टेकडी गेली की तिला लांब जावं लागतं, आणि हे जादा चालणं कुठल्याच अहवालात येत नाही.

उलट जगलेल्या रोपांची टक्केवारी मात्र हमखास येते. ती वाढवणं अवघड नाही. ऑस्ट्रेलियन बाभूळ मुरमावरही तगते, बारा महिने हिरवी राहते, आणि शेळी तिला तोंड लावत नाही. दोन उन्हाळे टँकरचं पाणी घातलं तर आकडा आणखी छान दिसतो. पाणी बंद झाल्यावर काय होतं, झाडांखाली गवत उतरतं का, आपोआप पडलेल्या बियांतून नवी रोपं येतात का, हे कोण बघतं? ऑगस्टमध्ये पाहणी केली तर आपल्याकडे भिंतीवरसुद्धा हिरवळ असते! पाहणी एप्रिलमध्ये करा म्हणावं.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने खाणीच्या जागेवर आणि खाणकामामुळे बिघडलेल्या आसपासच्या जागेवर पुन्हा गवत लावावं, आणि ती जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीला योग्य करावी. न्यायालयाने चाऱ्याचा उल्लेख केला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चारा आला की नाही हे रोपं मोजून कळत नाही. अमेरिकेत कोळशाच्या उघड्या खाणींसाठी १९७७ साली कायदा झाला. तिथे खाणीवरचं आच्छादन शेजारच्या न खणलेल्या जमिनीशी किंवा ठरवून दिलेल्या मापाशी ताडून बघतात, आणि ते त्याच्या निदान नव्वद टक्के भरावं लागतं. शेवटचं खत-पाणी घातल्यापासून पाच वर्षं, कोरड्या मुलखात दहा वर्षं, जबाबदारी खाणवाल्याची असते. तोवर त्याची अनामत पूर्ण सुटत नाही. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही, पण माप ठरलेलं आहे.

असं माप आपल्यालाही घेता येईल. बांबूच्या चार काठ्यांचा एक मीटरचा चौकोन करायचा. तो खदानीच्या जागेवर आठ-दहा ठिकाणी टाकायचा आणि तितक्याच ठिकाणी शेजारच्या शाबूत उतारावर. उघडी जमीन किती, गवत कोणतं, गुरं खातात ते किती, हे लिहायचं. पाऊस सरल्यावर चौकोनातलं गवत कापून, वाळवून तोलायचं. दर वर्षी त्याच जागी. वजनाचा धडा इथल्या बायकांना कुणी द्यायला नको. डहाणू-तलासरी भागात १९४५ मध्ये वारली उठले तेव्हा गवतकापणीची मजुरी हा लढ्याचा मोठा मुद्दा होता.

एक मात्र खरं की, काळा पाषाण खोल खणून काढलेल्या खड्ड्याच्या तळाशी पूर्वीचा उतार परत येणार नाही. वरची माती आधीच विकली किंवा दगडाच्या चुऱ्यात गाडली गेली असेल तर कडेलाही फारसं उगवणार नाही. म्हणून ती माती बाजूला कुठे रचणार, हा प्रश्न पहिला सुरुंग लागण्याआधीच विचारायला हवा.

तो विचारायची जागा आहे. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस घेणं १९९६ च्या पेसा कायद्याने बंधनकारक केलं आहे. पालघर तालुक्याची सगळी गावं अनुसूचित क्षेत्रात नाहीत, तेव्हा आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघा. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूदही राज्याच्या कायद्यात आहे. तिथे ठराव करा : पाहणीच्या पथकात गवत कापणाऱ्या आणि गुरं राखणाऱ्या बायका असतील, शेजारचा कोणता उतार तुलनेसाठी धरायचा ते त्या ठरवतील, आणि त्यांच्या नोंदीची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहील. खदानीचे जुने सहामाही अहवाल माहितीच्या अधिकारात मागा आणि महिला सभेत मोठ्याने वाचून घ्या. कुठली झाडं लावली, तेवढं पहिल्यांदा विचारा.