डोळे कुणाचे जळताहेत?

बॉयलरच्या नळीला सांधा मारणाऱ्या वेल्डरची या देशात परीक्षा होते. 1950च्या भारतीय बॉयलर नियमांनुसार त्याने जोडलेला नमुना कापून, वाकवून तपासतात. तो उतरला तरच प्रमाणपत्र, आणि तेही मुदतीचे. ही दक्षता योग्यच आहे; बॉयलर फुटला तर कारखाना उडतो. पण त्याच कामगाराचे डोळे गेले, फुप्फुसे निकामी झाली, तर जाब कुणाला विचारायचा? वाफेच्या दाबाची एवढी धास्ती आणि जिवंत माणसाची एवढी बेपर्वाई, ही महाराष्ट्राच्या औद्योगिक कीर्तीला लागलेली काळोखी आहे!

भोसरीत जा, सातपूरला जा, कोल्हापूरच्या शिरोलीत जा, नाहीतर आपल्याच गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे बघा. पाच हजार अंशांहून तप्त आर्कपुढे पोरगा बाजारातला काळा गॉगल लावून बसलेला असतो. तिथे दहा-बारा नंबरची काच हवी. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात चौकटीचा तुकडा; हातातला मास्क धरायचा कशाने? मग टाका मारताना तो डोळे मिटून घेतो. मिटल्या पापण्यांच्या फटीतूनही किरण आपले काम करतात. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग उठते, घरची माणसे बटाट्याचे काप ठेवतात, आणि सकाळी तो पुन्हा कामावर हजर! खाडा केला तर हजेरी बुडते.

आणि या माणसाला आपण बिनडोक अंगमेहनतीचा समजतो. पंचेचाळीस अंशांत जखडलेल्या पाइपला चहूबाजूंनी सांधा मारून दाखवा. पाइप फिरत नाही, माणसाला फिरावे लागते. कधी वरून, कधी उताणे होऊन. नजर झगमगाटावर नसते, त्याखालच्या वितळलेल्या थेंबावर असते. रॉड किती जवळ न्यायचा हे कानाला कळते. आवाज बिघडला की हात सावरतो. गॅस कटरचे कसबही असेच. कड लालबुंद झाल्याशिवाय ऑक्सिजन सोडायचा नाही. सोडला की लोखंड स्वतःच जळत वाट देते. पत्रा कोणत्या अंगाला कोसळेल, टाकीत तेलाची वाफ उरली आहे का, हे अगोदर ओळखावे लागते. चुकला तर तिथेच संपला. 1971च्या युद्धात लढलेली विक्रांत 2014मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडायला घेतली, तेव्हा जहाजासाठी महाराष्ट्र हळहळला. तिचे पोलाद कापणाऱ्या एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

धुराचे तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर मानवाला कर्करोग करणारा असल्याचा निर्वाळा दिला आणि त्याला तंबाखू व ॲस्बेस्टॉसच्या गटात बसवले. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जोडला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. त्यावर शेठचा सल्ला ठरलेला, ‘दूध पी, गूळ खा.’ दुधाने फुप्फुसे धुतली जात नाहीत! धूर ओढून घेणारा पंखा हवा, आणि पंख्याला पैसे पडतात.

कायदा कुठे आहे? विजेवर चालणारी जागा कारखाना ठरायला वीस कामगार लागतात. म्हणून काम तुकड्यातुकड्यांनी ठेकेदाराला द्यायचे, ठेकेदाराने पोटठेकेदाराला, आणि आर्कपुढे बसलेला पोरगा कुणाच्याच हजेरीपटावर नाही. या लबाडीला बळ देतो तो आपलाच जुना रोग: हात काळे करणारा खालचा, कागद काळे करणारा वरचा. फुले-आगरकरांच्या जयंत्या करणाऱ्या घरांतही, दहावीला कमी गुण मिळाले की मुलाला ‘आयटीआयला टाकला’ असेच म्हणतात.

आमची मागणी रोखठोक आहे. जिथे वेल्डिंग किंवा गॅस कटिंग चालते तिथे कामगार एक असो वा शंभर, सुरक्षेचा कायदा लागू करा. सरकारी पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या यांच्या निविदेत मास्क, काच, धूर ओढणारा पंखा आणि वर्षाला डोळे-फुप्फुसांची तपासणी यांची वेगळी रक्कम धरा, आणि ती खर्च झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत ठेकेदाराचे बिल अडवा. बॉयलरसारखीच प्रत्येक सार्वजनिक कामावरच्या वेल्डरची परीक्षा घ्या, सांध्यापुढे त्याचे नाव नोंदवा, आणि उत्तीर्ण कारागिराला त्या कसबाची मजुरी द्या. याला नवे आयोग नकोत, समित्या नकोत. सार्वजनिक बांधकाम विभागाने पुढच्या निविदेपासून सुरुवात करावी.