पूर्वापार म्हणजे केव्हापासून?

स्मरणिका काढताना प्रत्येक संस्थेला निवड करावी लागते. कोणता प्रसंग नोंदवायचा, कोणाचे छायाचित्र छापायचे आणि कोणाचे नाव राहून गेले तरी चालेल, हे ठरवावे लागते. समाजही आपली स्मरणिका सतत लिहीत असतो. पुतळे, जयंत्या, रस्त्यांची नावे, पाठ्यपुस्तके ही तिची पाने होत. आपण कोण आहोत हे पुढच्या पिढीला या पानांवरून कळते. कोणत्या भावनेला हात घालायचा हे राजकारण्यांनाही तेथूनच कळते. म्हणून सामूहिक स्मृती हा श्रद्धेइतकाच विवेकाचाही विषय आहे.

महाडचेच पाहू. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. ही आठवण गावोगावच्या शाहिरांनी, सभांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी जिवंत ठेवली. तिचे ऋण मोठे आहे. परंतु आठवणीला एक दिवस पुरतो. इतिहासाला त्या दिवसाच्या मागचे आणि पुढचेही पाहावे लागते.

मागे पाहिले तर ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झालेला दिसतो. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तीन वर्षे त्या पाण्यापर्यंत अस्पृश्यांचा हात पोहोचला नाही. पुढे पाहिले तर परिषदेच्या प्रतिनिधींवर झालेला हल्ला दिसतो, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ दिसते आणि नगरपालिकेने मागे घेतलेला ठराव दिसतो. डिसेंबरमध्ये हजारो सत्याग्रही महाडला जमले, परंतु त्याआधीच न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढा न्यायालयात चालवला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. दहा वर्षांना तीन दिवस कमी.

या खटल्यात विरोधकांचे म्हणणे काय होते? या तळ्यावर अस्पृश्यांना न येऊ देण्याची रूढी पूर्वापार, अनादी काळापासून चालत आली आहे, हे होते. म्हणजे वाद पाण्याचा असला तरी दावा इतिहासाचा होता. रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि तो दावा टिकला नाही. ‘पूर्वापार’ या शब्दाला पुरावा मागितला, तेव्हा तो शब्द कोसळला.

आजही राजकारणात हा शब्द निरनिराळ्या वेषांत येतो. अमुक जागा पूर्वीपासून आमची, अमुक समाज पूर्वीपासून असाच, असे सांगितले जाते आणि त्या जोरावर माणसे एकमेकांवर उठतात. आपण तेव्हा पुरावा मागितला पाहिजे. परंतु दुसऱ्याकडे पुरावा मागणाऱ्याने स्वतःची स्मृतीही तपासली पाहिजे. महाडच्या परिषदेसाठी झटलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले. आपल्या व्यासपीठांवर त्यांचे नाव किती वेळा निघते? अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस, मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, कोणी जागा देईना तेव्हा डिसेंबरच्या परिषदेला आपली जमीन देणारे फत्तेखान, यांची आठवण किती जणांना आहे? आणि त्या दिवसांत महाडला आलेल्या, बाबासाहेबांचे भाषण ऐकून लुगडे नेसण्याची जुनी रीत टाकणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींची तर नावेही आपल्याजवळ नाहीत. ही नावे आली म्हणजे बाबासाहेबांचे मोठेपण उणावत नाही. एका माणसाने किती निरनिराळी माणसे एका न्याय्य कामासाठी जोडली, हे त्यातून समजते. ती गळली की महाड एका गटाचा उत्सव होऊन बसते, आणि उत्सवाचा मंडप कोणीही ताब्यात घेऊ शकतो.

२०२७ मध्ये महाडला शंभर वर्षे होत आहेत. मोठे सोहळे होतील, ते व्हावेतही. आपल्या निवासी विद्यालयातील मुलांनी मात्र त्याआधी एक लहानसे काम करावे, असे सुचवावेसे वाटते. सुटीत घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारावे : आपल्या गावात पाणी कोठून भरत होतो? कोणत्या विहिरीवर जाता येत नव्हते? ती केव्हा खुली झाली, आणि पहिली घागर कोणी भरली? उत्तर वहीत लिहावे, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे. अशा विहिरींवर फलक नसतात आणि त्या सांगणारी माणसे आता थकली आहेत.

धम्माच्या अष्टांगिक मार्गात सम्यक् स्मृतीला स्थान आहे. तिच्यात जागेपण अपेक्षित आहे. पुढची स्मरणिका निघेल तेव्हा तिची काही पाने या वह्यांसाठी राखून ठेवावीत, एवढीच विनंती.