गिरगावचा शेजार

फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी! मुंबईतील गिरगावात एके काळी झाडापेरांचे राज्य होते, हे या नावांवरूनच ध्यानात येते. पुढे शहर वाढले. वाड्यांतील झाडे गेली आणि चाळी उभ्या राहिल्या. कोकणातून व देशावरून पोटासाठी आलेली माणसे त्या चाळींत स्थिरावली. तेथीलच खोताच्या वाडीत ख्रिस्ती कुटुंबांची टुमदार घरे होती. भिन्न चालीरीतींची माणसे अशी एकमेकांची शेजारी झाली. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तोही याच शेजाराच्या बळावर.

चाळीतील जीवन सुखाचे होते, असे मात्र कोणी समजू नये. खोल्या अपुऱ्या, नळ व शौचकूप सामाईक; एकांत असा नाहीच. म्हणून मोठ्या घराच्या शोधात जे उपनगरांत गेले, त्यांना दोष देता येणार नाही. तथापि एका घरी दुखणे आले तर ते दहा घरांना कळे, आणि वाटीभर साखर मागण्यास कोणाला संकोच वाटत नसे.

आज अनेक चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ साली भुयारी मेट्रोही गिरगावात आली. निराळी भाषा बोलणारी कुटुंबे तेथे राहावयास येतात. ती पाहून, ‘गिरगाव संपले,’ असे काहीजण म्हणतात. हा विचार अपुरा आहे. आज जे मूळचे रहिवासी म्हणवितात, त्यांचेही आजे-पणजे बिऱ्हाड शोधीत परके म्हणूनच आले होते. त्यांच्या एवढ्याशा खोलीत गावाकडच्या पाहुण्यालाही जागा होत असे. मग आज आलेल्याला परके का म्हणावे?

भीती आहे ती दारे बंद होण्याची. पिढ्यानपिढ्या राहिलेल्या भाडेकऱ्याला त्याच जागी नवे घर मिळाले पाहिजे. तो दूर गेला, तर शेजारधर्माची शिकवणही त्याच्याबरोबर जाईल. नव्याने आलेल्यानेही सणावारी शेजाऱ्याच्या घरी जाण्याची रीत पाळावी. दुखणाइताच्या घरी रात्री-अपरात्री शेजारी धावून येत राहिले, तर इमारत कितीही मजल्यांची असो, तेथे गिरगाव नांदते आहे असे खुशाल म्हणावे.