मुक्काम पोस्ट चौल

अलिबागहून रेवदंड्याला जाताना वाटेत चौल लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, जुनी तळी, रामेश्वराचे देऊळ आणि झाडीत दडलेले हमामखान्याचे अवशेष. हे शांत गाव एके काळी परदेशी माणसांनी गजबजलेले बंदर होते, हे सांगूनही खरे वाटत नाही. पण बगदादचा मुसाफिर मसूदी याने ते डोळ्यांनी पाहिले होते. हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, तो येथे आला. अरब लोक चौलला तेव्हा सैमूर म्हणत. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा शहरांतून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

व्यापारी माल विकतो आणि वारा फिरला की परत जातो. मग ही माणसे का राहिली? नफा हे कारण होतेच, परंतु केवळ नफ्यासाठी कोणी परमुलखात संसार थाटत नाही. मसूदीच्याच लेखनात याचा धागा सापडतो. येथील राजा झंझ हा शिलाहार घराण्यातला. मुसलमानांचे आपसांतील तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस प्रमुख म्हणून नेमलेला असे. त्याला 'हुनरमन' म्हणत. तुम्हां उर्दू वाचणाऱ्यांना हा शब्द अगदीच परका वाटणार नाही. बसऱ्याहून नुकत्याच उतरलेल्या माणसाला येथली बोली कळत नसेल, कायदा ठाऊक नसेल, पण अडचण आली तर कोणाचे दार ठोठवायचे हे त्याला माहीत होते. माझ्या मते परक्या शहरात माणसाला पहिली गरज असते ती याच दाराची. नोकरी आणि खोली मिळाली तरी हे दार नसेल, तर रात्री झोप येत नाही.

पण तेवढ्यावर शहर आपले होत नाही. मसूदीने आणखी एक शब्द नोंदवला आहे, 'बयासिरा'. मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेल्यांना हे नाव होते. बाप ओमानचा असेल, मुलाने मात्र ओमान पाहिलेही नसेल. त्याचे अंगण, त्याची खाडी, त्याचे सवंगडी सगळे येथलेच. बापासाठी सैमूर हा मुक्काम होता, मुलासाठी ते गाव होते.

याच बंदरात १४६९ च्या सुमारास एक एकटाच परदेशी उतरला. तो रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. आपण जिथे जातो तिथे गोरा माणूस पाहायला लोक मागोमाग येतात, असे त्याने लिहिले आहे. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. जुन्नरला तेथल्या खानाने तो काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. तेव्हा खुरासानच्या एका मुसलमान खोजाने रदबदली करून त्याला सोडवले. तोही परदेशीच! निकितीनला बाजारापुरती भाषा येत होती, जिवाभावाचे माणूस मात्र कोणी नव्हते. त्याची धर्मपुस्तके प्रवासात लुटली गेली होती. उपवास कधी आणि सण कधी, याचा हिशेबच राहिला नाही, हे त्याचे दुःख पुस्तकात पुनःपुन्हा येते. परतीच्या वाटेवर, त्वेर गाठण्यापूर्वीच तो वारला.

आज कोकणातल्या किती तरी घरांतून कोणी ना कोणी कुवेत, दुबई, कतार येथे आहे. हजार वर्षांपूर्वी माणसे तिकडून इकडे आली, आता आपली माणसे तिकडे जातात. जाणाऱ्याला घरचे सांगतात, "आपल्या माणसांतच राहा." हा सल्ला पहिल्या सहा महिन्यांपुरता सोन्यासारखा आहे. पुढे तोच पायात बेडी होतो. वीस वर्षे तिथे काढून, तालुक्यातल्याच माणसांबरोबर एका खोलीत जेवून, अरबीची चार वाक्येही न शिकता परतणारे पुष्कळ आहेत. त्यांना हसणे मात्र अन्यायाचे होईल. त्या देशांत परदेशी कामगाराला नागरिकत्व सहसा मिळत नाही, नोकरी संपली की परत निघायचे असते. जिथे राहू देणार नाहीत, तिथली भाषा कोण मनापासून शिकेल? झंझाच्या सैमूरने जे दिले, ते सगळीच शहरे देत नाहीत.

धर्म एक असला की सारे सोपे होते, असेही कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. चौलच्या परिसरातले बेने इस्राएल पाहा. त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, असे परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांनी आपला शब्बाथ सोडला नाही. मराठी ही त्यांची घरची भाषा झाली, आणि रेवदंडेकर, नवगावकर अशी आडनावे लागली. १९४८ नंतर त्यांतले हजारो इस्राएलला गेले. तो देश त्यांच्याच धर्माचा. तरीही तेथील काही धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढली. आपण पुरते यहुदी आहोत हे मान्य करून घेण्यासाठी त्यांना निदर्शने करावी लागली, आणि १९६४ मध्ये कुठे त्यांच्या बाजूने निर्णय झाला. मग त्यांनी हिब्रू शिकून घेतली. दिमोना, लोद, अश्दोद अशा शहरांत घरे केली. आणि तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले.