सेंट आणि संत

इंग्रजी ‘सेंट’ हा आपल्या ‘संत’चाच अपभ्रंश, असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान आपल्यातही आहेत. पण नादसाम्य म्हणजे नाते नव्हे! ‘सेंट’ लॅटिन ‘सांक्तुस’पासून, फ्रेंचमार्गे आला, अर्थ, पवित्र केलेला. ‘संत’ संस्कृत ‘सत्’पासून; अर्थ, जो आहे, म्हणून खरा. सेंटला ‘संत’ म्हणणे हे भाषांतर आहे, वंशावळ नव्हे.

जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचे जन्मस्थळ म्हणून परभणी जिल्ह्यातील पाथरीला शंभर कोटी जाहीर होताच शिर्डीकरांनी बंद पाळला. जन्मगावाने संतपण वाढत नाही; तसेच परक्या कुळाने शब्दाची प्रतिष्ठा घटत नाही. मग खोट्या सोयरिकीचा अट्टहास कशासाठी? निदान ‘संत’ म्हणताना तरी आपण सत्याला धरून असावे.