वऱ्हाडचे १९४७ : करार कोणाचा, कोणाशी?

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की आमच्याकडे अकोला कराराची आठवण निघते. सभा होतात, पत्रके निघतात, आणि मुंबईच्या नावाने बोटे मोडून मंडळी घरोघर जातात. फसवणूक झाली, हे खरेच आहे. परंतु ती कोणाची झाली आणि केव्हापासून झाली, हा प्रश्न मात्र या वार्षिक श्राद्धात कोणी विचारीत नाही. तो येथे विचारावयाचा आहे.

१९४७ साली अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या चार जिल्ह्यांची कायदेशीर स्थिती विलक्षण होती. निजामाने १८५३ साली कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला होता. १९०२ साली कर्झनने तो वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. १९३६ च्या कराराने निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, आणि त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. म्हणजे काळी कसणारा एक, राज्य करणारा दुसरा आणि भाडे घेणारा तिसरा! त्या भाड्याचा पैसा अखेर कोणाच्या घामातून येत होता, हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

इंग्रज जाणार हे ठरताच जुलै १९४७ मध्ये निजामाच्या शिष्टमंडळाने माउंटबॅटन यांच्यापुढे वऱ्हाड परत मागितले. त्यापुढील महिन्यात, ८ ऑगस्ट रोजी, अकोल्यात करार झाला. शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख, रामराव देशमुख, ग. त्र्यं. माडखोलकर आणि आमच्या शास्त्राचे आचार्य धनंजयराव गाडगीळ अशी मातब्बर मंडळी त्यामागे होती. संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, प्रत्येकाचे विधिमंडळ व मंत्रिमंडळ वेगळे असावे, असे ठरले. या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या वर्षी वऱ्हाडविषयी हैदराबादेत, दिल्लीत आणि अकोल्यात जे बोलणे चालले होते, त्यात वऱ्हाडी शेतमजुराला कोणी काही विचारले होते काय? त्याला विचारण्याचे साधनच नव्हते. १९४६ च्या निवडणुकांत मत होते ते कर, मालमत्ता वा शिक्षण यांच्या अटी पुऱ्या करणाऱ्यालाच.

त्या वर्षी त्याच्यापुढे कोणता प्रश्न होता? कापसाचा. आमचा आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणात जपानी गिरण्यांना जात असे. १९४१ साली ते गिऱ्हाईक एका फटक्यात नाहीसे झाले. युद्धकाळात ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणून कापसाखालची जमीन कमी करविली गेली. मग फाळणीने सिंध आणि पश्चिम पंजाबचा लांब धाग्याचा कापूस पाकिस्तानात गेला, आणि देशातील गिरण्या कच्च्या मालासाठी कासावीस झाल्या. खुल्या बाजाराचा न्याय लावावयाचा, तर येथे शेतकऱ्याचे दिवस यावयास हवे होते. परंतु टंचाईच्या काळात सरकारला आठवली ती कमाल किमतीची मर्यादा! आणि १९४८ च्या प्रारंभी कापडावरील नियंत्रण उठले, तेव्हा भाव भडकले ते कापडाचे; त्याच वर्षी नियंत्रण पुन्हा आणावे लागले. भाव पडला की बाजाराचा नियम, भाव चढू लागला की राष्ट्राचे हित! ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या कुऱ्हाडीचा दांडा कधीच वऱ्हाडी कुणब्याच्या हातात नव्हता.

यावर आमचे विदर्भवादी मित्र म्हणतील की, हे सारे स्वतःचे राज्य नसल्यामुळे घडले. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. अकोल्यात कबूल केलेले वेगळे विधिमंडळ १९५३ च्या नागपूर करारात उरले नाही. त्याऐवजी लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा आणि नागपुरात अधिवेशन अशी आश्वासने मिळाली. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारसही बाजूस पडली. दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष मोजून दाखविला. १९९४ साली वैधानिक मंडळ आले. हे सारे मान्य. पण राजधानी मुंबईहून नागपुरास आणल्याने कापसाचा भाव ठरविणारा हात बदलेल, हे कोणत्या शास्त्रात बसते?

उलट बाजूच्या मंडळींनीही छाती फुगवू नये. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ साली याच महाराष्ट्र राज्याने सुरू केली. तिच्यातील गैरकारभार निपटून काढण्याऐवजी पुढे ती योजनाच मोडीत निघू दिली. नव्वदीच्या दशकापासून आत्महत्यांचे सत्र सुरू झाले. २००६ साली पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले आणि गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. गिरणीमालकाची अडचण दिल्लीस तत्काळ दिसली. १९४७ आणि २०२५ यांत फरक एवढाच की, आता वऱ्हाडी शेतमजुराला मत आहे. विचारणा मात्र अजून नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. अकोला कराराची पुण्यतिथी खुशाल पाळा, पण त्या दिवशी एक नवा करार मागा, आणि तो पुढाऱ्यांचा पुढाऱ्यांशी नको. हमीभावाने खरेदी हा कायद्याचा हक्क व्हावा. कापसाच्या आयातीचा निर्णय हंगामाच्या तोंडावर घेतला जाऊ नये. अनुशेष केवळ रस्त्यांच्या किलोमीटरांत न मोजता कोरडवाहू कुटुंबाच्या उत्पन्नात मोजला जावा. वेगळे राज्य मागणाऱ्यांनी आणि अखंड महाराष्ट्र राखणाऱ्यांनी प्रथम या तीन मागण्यांखाली सही करावी. जे सही करणार नाहीत, त्यांना वऱ्हाडची जमीन हवी आहे, वऱ्हाडी माणूस नको आहे, एवढे वाचकांनी खुशाल समजावे. निजामालाही तेच हवे होते.